वीरधवल खाडे: ग्वांगझूचे पदक, मधली कोरडी वर्षे आणि जकार्ता

२०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये बटरफ्लाय, बॅकस्ट्रोक आणि ब्रेस्टस्ट्रोक या तिन्ही प्रकारांच्या ५० मीटर शर्यती पहिल्यांदाच होणार आहेत. एप्रिल २०२५मध्ये ही बातमी आली तेव्हा मला सर्वांत आधी आठवला तो कोल्हापूरचा जलतरणपटू वीरधवल खाडे. त्याच्या आयुष्यातले सर्वांत मोठे पदक ५० मीटर बटरफ्लायमधले, आणि त्याच्या उमेदीच्या सगळ्या काळात ही शर्यत ऑलिंपिकमध्ये नव्हतीच. जागतिक स्पर्धेत ती २००१पासून आहे. ऑलिंपिकला मात्र ५० मीटर म्हटले की फक्त फ्रीस्टाइल, तीही १९८८च्या सोलपासून.

त्या पदकाचे मोल कळायला थोडे मागे जावे लागते. १९५१मध्ये दिल्लीत पहिले आशियाई खेळ झाले. तिथे सचिन नाग यांनी १०० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्ण जिंकले. पुढे १९८६मध्ये सोलला खजान सिंग यांना २०० मीटर बटरफ्लायमध्ये रौप्य मिळाले. त्यानंतर आशियाई खेळांच्या तलावातून भारत रिकाम्या हाताने परतत राहिला, तो तब्बल २४ वर्षे. या काळात चीन, जपान आणि कोरियाचे जलतरणपटू कुठल्या कुठे निघून गेले.

वीरधवलचा जन्म २९ ऑगस्ट १९९१चा, कोल्हापूरचा. कोल्हापूर म्हटले की कुस्ती, फुटबॉल आणि अलीकडे नेमबाजी. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्नील कुसळे ही नावे आता घरोघरी माहीत आहेत. पोहणे तिथे कमी नाही, पण ते बहुतेकांसाठी विहिरीतले, नदीतले. शिकायचे आणि आयुष्यभर पुरवायचे. शर्यतीचे पोहणे ही वेगळी गोष्ट. त्यासाठी वीरधवल बंगळूरुला निहार अमीन यांच्याकडे गेला. भारतातल्या अनेक चांगल्या जलतरणपटूंची वाट याच शहरातून गेली आहे.

२००८च्या बीजिंग ऑलिंपिकला तो गेला तेव्हा सतरा पूर्ण व्हायला काही दिवस बाकी होते.  ५०, १०० आणि २०० मीटर फ्रीस्टाइल अशा तीन शर्यती तो पोहला. पदकाचा प्रश्न नव्हता, अंतिम फेरीचाही नव्हता. पण सोळा वर्षांचा मुलगा इथवर आला आहे, अजून उंची आणि ताकद यायची आहे, मग पुढच्या आठ-दहा वर्षांत हा कुठे जाईल, असा हिशेब मांडण्याजोगा जलतरणपटू आपल्याकडे पुष्कळ काळाने आला होता.

त्याच तलावात त्याच आठवड्यात अमेरिकेची डॅरा टोरेस पोहत होती. वय ४१, घरी दोन वर्षांची मुलगी. १९८४मध्ये पहिले ऑलिंपिक खेळलेली ही बाई अनेकदा निवृत्त झाली आणि अनेकदा परतली. बीजिंगला ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये तिने रौप्य जिंकले. सुवर्ण हुकले ते ०.०१ सेकंदाने: ब्रिटा स्टेफन २४.०६, टोरेस २४.०७. स्प्रिंटरची, म्हणजे कमी अंतराच्या शर्यती पोहणाऱ्याची, कारकीर्द किती लांबू शकते, याचा दाखला वीरधवलच्या पहिल्याच ऑलिंपिकमध्ये मिळाला होता.

नोव्हेंबर २०१०. चीनमधले ग्वांगझू, आशियाई खेळ. ५० मीटर बटरफ्लायच्या अंतिम फेरीत वीरधवलने २४.३१ सेकंदांत कांस्य मिळवले आणि २४ वर्षांची ती रांग एकदाची तुटली. वय १९. पुढच्या वर्षी अर्जुन पुरस्कार मिळाला. राज्य सरकारने खेळाडूंना थेट नेमणूक देण्याच्या धोरणातून त्याला तहसीलदार केले.

इथून गोष्ट बिकट होते. या धोरणाबद्दल मला आदरच आहे. खेळाडूचे पुढचे आयुष्य मार्गी लागते, घरच्यांचा घोर मिटतो. पण तहसीलदाराची खुर्ची ही मानाची म्हणून बसायची जागा नाही. फेरफार, दाखले, वाळूच्या तक्रारी, निवडणुकीची कामे, पावसाळ्यातली आपत्ती, सगळे तिथेच येऊन थांबते. वीरधवल मालवणला तहसीलदार होता. समोर समुद्र, पण समुद्रात पोहून स्प्रिंटरची तयारी होत नाही. त्याला लागतो मोजून ५० मीटरचा तलाव, उडी मारायला ब्लॉक, जिम आणि शेजारी घड्याळ घेऊन उभा असलेला प्रशिक्षक. सराव आणि स्पर्धांसाठी रजा मिळणे किती अवघड होते, हे त्याने नंतर स्वतःच उघडपणे सांगितले आहे.

पाणी सुटले की जलतरणपटूचे काय होते, हे बाहेरच्याला चटकन लक्षात येत नाही. ताकद जिममध्ये परत कमावता येते, वजन उतरवता येते. जाते ती पाण्याची पकड: हात पाण्यात घातल्यावर तळहात आणि कोपरापर्यंतचा भाग पाण्याला धरून ठेवतो आहे की पाणी नुसते निसटते आहे, याची जाणीव. रोज तलावात उतरणाऱ्यालासुद्धा चार दिवसांच्या खंडानंतर ती बोथट वाटते. वीरधवलची इथे वर्षे गेली. २०१२च्या लंडनला तो नव्हता, २०१६च्या रिओलाही नव्हता. वय वर्षे २० ते २५, जेव्हा शरीर सर्वांत जास्त द्यायला तयार असते, तीच वर्षे.

तो परतला, आणि परतू शकला याला शर्यतीचा स्वभावही कारणीभूत आहे. १५०० मीटर पोहणाऱ्याला रोज मैलोन्‌मैल पाणी कापावे लागते. ५० मीटरमध्ये सगळे ठरते ते ब्लॉकवरून निघण्याचा क्षण, पाण्याखालचे अंतर (१५ मीटरच्या आत डोके वर आलेच पाहिजे), पुढचे हात आणि शेवटचा स्पर्श यांवर. बरेच जण अख्ख्या शर्यतीत एखादाच श्वास घेतात, काही तोही घेत नाहीत. ही ताकदीची आणि तंत्राची शर्यत आहे, आणि ताकद तिशीतही टिकते. अमेरिकेच्या अँथनी अर्विनने २००० साली सिडनीला गॅरी हॉल ज्युनियरसोबत ५० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्ण विभागून घेतले, तीन वर्षांत खेळ सोडला, आणि बऱ्याच वर्षांनी परत येऊन रिओला वयाच्या ३५व्या वर्षी तीच शर्यत पुन्हा जिंकली. वेळ २१.४०, दुसऱ्या आलेल्या फ्लोरेंत मानोदूची २१.४१. म्हणजे रस्ता होता. पण अर्विनच्या मागे अमेरिकी विद्यापीठांचे तलाव आणि प्रशिक्षक होते. आपल्याकडे नोकरी सांभाळून, रजा मागून, पुन्हा बंगळूरु गाठून तो रस्ता चालायचा होता.

ऑगस्ट २०१८, जकार्ताचे आशियाई खेळ. ५० मीटर फ्रीस्टाइलच्या प्राथमिक फेरीत वीरधवलने २२.४३ सेकंद नोंदवले आणि नऊ वर्षांपूर्वीचा स्वतःचाच राष्ट्रीय विक्रम मोडला. २००९ हे साल जलतरणात वेग वाढवणाऱ्या पॉलियुरेथेनच्या पोशाखांचे होते. ते पोशाख २०१०पासून बंद झाले आणि त्या काळातले आकडे मोडताना जगभरच्या जलतरणपटूंची दमछाक झाली. अशा सालचा, किशोरवयात केलेला विक्रम त्याने सत्ताविशीच्या उंबरठ्यावर, मधली वर्षे वाया गेलेली असताना मागे टाकला. माझ्या मते त्याच्या कारकिर्दीतली सर्वोत्तम कामगिरी हीच, ग्वांगझूच्या पदकापेक्षाही.

मग अंतिम फेरी. चीनचा यू हेशिन २२.११, जपानचा कात्सुमी नाकामुरा २२.२०. तिसरा जपानचाच शुनिची नाकाओ, २२.४६. चौथा वीरधवल, २२.४७. सरासरी वेगाने हिशेब केला तर ०.०१ सेकंद म्हणजे जेमतेम सव्वादोन सेंटिमीटर, बोटाच्या एका पेराएवढे अंतर. सकाळचीच वेळ संध्याकाळी आली असती तर कांस्य त्याचे होते. असे लिहिणे सोपे आहे. पण प्राथमिक फेरीत सर्वस्व ओतून काही तासांत पुन्हा तसेच पोहायची सवय मोठ्या स्पर्धा खेळूनच लागते, आणि त्याच्या हातून मोठ्या स्पर्धांची अनेक वर्षे निसटली होती. त्या शतांशाचा हिशेब मी तिथे लावते. शेवटच्या स्पर्शावर ढकलत नाही.

त्यानंतर टोकियोची आस होती. ५० मीटर फ्रीस्टाइलसाठी थेट पात्रतेची ‘अ’ वेळ २२.०१ होती, म्हणजे अजून ०.४२ सेकंद कमी करायचे होते; इतक्या छोट्या शर्यतीत हे प्रचंड. तोवर कोविड आला. तलाव बंद झाले, आणि इतर खेळांची मैदाने उघडू लागली तरी तलाव बंदच राहिले. जून २०२०मध्ये वीरधवलने जाहीरपणे लिहिले की कदाचित आता निवृत्तीचा विचार करावा लागेल. वयाच्या २८व्या वर्षी, कष्टाने मिळवलेली पकड पुन्हा सुटताना पाहणाऱ्या माणसाचे ते बोलणे होते. टोकियोला ‘अ’ वेळ गाठून पोहोचलेले पहिले भारतीय जलतरणपटू ठरले साजन प्रकाश आणि श्रीहरी नटराज. वीरधवलचे ऑलिंपिक बीजिंगचे एकच राहिले.

तो थांबला मात्र नाही. २०२३मध्ये गोव्यात राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाल्या. ३२ वर्षांच्या वीरधवलने महाराष्ट्रासाठी ५० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्ण जिंकले. महिलांच्या ५० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णही महाराष्ट्राकडेच आले, ते जिंकले त्याची पत्नी ऋजुता खाडे हिने. याच स्पर्धेत त्याने राष्ट्रीय स्पर्धांचा निरोप घेतला.