वृद्धी संप्रेरकाचा अतिरेक आणि उणीव

वृद्धी संप्रेरक, म्हणजे दवाखान्यातल्या बोलीत ग्रोथ हार्मोन, हे पीयूषिका ग्रंथीच्या पुढच्या भागात तयार होणारे १९१ अमिनो आम्लांचे प्रथिन आहे. ही ग्रंथी जेमतेम वाटाण्याएवढी असते आणि मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मुळामागे, हाडाच्या खोबणीत बसलेली असते. संप्रेरक तिच्यातून दिवसभर एकसारखे पाझरत नाही, थांबून थांबून सुटते. मुलांमध्ये त्याचा सर्वांत मोठा स्राव रात्री पहिली गाढ झोप लागल्यावर होतो. ते कधी सोडायचे आणि कधी रोखायचे, हे मुख्यतः ग्रंथीच्या वर असलेल्या हायपोथॅलॅमस या मेंदूच्या भागाकडून ठरते. रक्तातून यकृतात पोचल्यावर ते आयजीएफ-१ हे दुसरे संप्रेरक तयार करवून घेते. हाडांची वाढ बव्हंशी या जोडीमुळे होते.

नावामुळे लोक याचा संबंध फक्त उंचीशी लावतात. खरे तर उंची थांबल्यावरही हे संप्रेरक आयुष्यभर काम करत असते. साठलेली चरबी वापरायला काढणे, स्नायू टिकवणे, हाडांची घनता राखणे आणि उपाशीपोटी रक्तातील साखर खाली जाऊ न देणे ही त्याचीच कामे. म्हणून बिघाड कोणत्याही वयात होऊ शकतो आणि त्याचे रूप वयानुसार बदलते.

अतिरेक

जवळजवळ प्रत्येक वेळी कारण एकच असते: पीयूषिकेतील एक गाठ. ती कर्करोगाची नसते, पण संप्रेरक बेसुमार सोडते. हाडांच्या टोकांजवळच्या वाढपट्ट्या बंद होण्याआधी ती झाली, तर मूल उंचच उंच होत जाते. ही अतिकायता. अमेरिकेतील इलिनॉय राज्यातला रॉबर्ट वॅडलो (१९१८–१९४०) जन्मतः सर्वसाधारण वजनाचा होता; मृत्यूसमयी त्याची उंची २७२ सेंटिमीटर होती. पायांतील संवेदना कमी झाल्याने आधारपट्टी घासून पडलेला फोड त्याला वेळीच कळला नाही. त्यातून जंतुसंसर्ग पसरला आणि तो अवघ्या बाविसाव्या वर्षी गेला. जत्रेत तिकीट लावून दाखवल्या गेलेल्या कित्येक ‘राक्षसी’ माणसांच्या अंगी बळ नव्हते, आजार होता.

लंडनमध्ये १७८३ साली वारलेल्या चार्ल्स बर्न या आयरिश माणसाचा सांगाडा पुढे वैद्यकाला उपयोगी पडला. त्याला समुद्रात दफन व्हायचे होते, पण शल्यचिकित्सक जॉन हंटरने देह मिळवला. १९०९ मध्ये हार्वी कुशिंग या अमेरिकी मेंदू-शल्यचिकित्सकाने कवटी उघडली तेव्हा पीयूषिकेची खोबण मोठी झालेली आढळली. २०११ मध्ये त्याच्या दातांतल्या डीएनएत एआयपी या जनुकातील दोष सापडला, आणि उत्तर आयर्लंडमधील आजच्या काही रुग्णांतही नेमका तोच दोष होता. मृत माणसाच्या इच्छेविरुद्ध ही माहिती हाती आली, हे विसरता येत नाही. २०२३ मध्ये हंटरच्या संग्रहाचे लंडनमधील हंटरियन संग्रहालय पुन्हा उघडले तेव्हा सांगाडा प्रदर्शनातून काढलेला होता.

वाढपट्ट्या बंद झाल्यावर गाठ झाली तर उंची वाढत नाही. हाडे जाड होतात, कातडी आणि आतले अवयव मोठे होतात. ही विशालांगता, अर्थात अ‍ॅक्रोमेगाली. पिएर मारी या फ्रेंच डॉक्टरने १८८६ मध्ये तिला हे नाव दिले. वर्षाला दहा लाखांत तीन-चार नवे रुग्ण, म्हणजे आजार विरळाच. तिची खरी अडचण मात्र तिच्या संथपणात आहे. लग्नातली अंगठी बोटातून निघेनाशी होते, चपलेचा नंबर दर दोन-तीन वर्षांनी वाढतो, खालचा जबडा पुढे येतो, दातांत फटी पडतात, आवाज घोगरा होतो. रोज पाहणाऱ्या घरच्यांना त्यातले काहीच जाणवत नाही. ‘वयानुसार थोराड झालाय’ एवढेच म्हटले जाते. बरेचदा दहा वर्षांपूर्वीचा फोटो शेजारी ठेवला की डॉक्टरला निदान सुचते.

तोवर आत बरेच काही घडलेले असते. साखर वाढते, रक्तदाब वाढतो, हृदयाचे स्नायू जाड होतात. जीभ आणि घशाचा भाग सुजल्याने घोरणे व झोपेत श्वास अडकणे सुरू होते. हातांना मुंग्या येतात, सांधे दुखतात, घाम फार येतो, मोठ्या आतड्यात गाठी होण्याचा धोका वाढतो. गाठ वर सरकून डोळ्यांच्या नसांवर दाबली तर दोन्ही बाजूंचे दिसेनासे होते. उपचार न केल्यास मृत्यूचा धोका सुमारे दुपटीवर जातो, आणि त्याला हृदयविकार मोठ्या प्रमाणात जबाबदार असतो.

संप्रेरकाची पातळी क्षणाक्षणाला बदलत असल्याने एकदा रक्त तपासून काही कळत नाही. त्यामुळे स्थिर राहणारे आयजीएफ-१ मोजतात. शिवाय ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून संप्रेरक खाली येते का ते पाहतात. निरोगी माणसात ते जवळजवळ नाहीसे होते, रुग्णात होत नाही. मग एमआरआय. पहिला उपाय शस्त्रक्रियेचा: नाकावाटे जाऊन गाठ काढतात. ती पुरती निघाली नाही तर ऑक्ट्रिओटाइडसारखी महिन्याला एकदा घ्यायची इंजेक्शने, संप्रेरकाचा परिणाम रोखणारे पेगव्हिसोमंट हे औषध किंवा किरणोपचार.

उणीव

जन्मजात उणीव असलेले बाळ सहसा सर्वसाधारण लांबीचेच जन्मते. साखर वरचेवर उतरणे किंवा कावीळ लांबणे हे सुरुवातीचे इशारे असू शकतात. पुढे वाढ मंदावते. चौथ्या वर्षापासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटिमीटर वाढायला हवे. हे मूल मागे पडते. अंगाचे प्रमाण नीट असते, चेहरा वयापेक्षा लहान बाहुलीसारखा दिसतो, पोटाभोवती चरबी साठते आणि मनगटाच्या एक्स-रेत हाडांचे वय कमी भरते. बुद्धी सहसा शाबूत असते. हे आवर्जून लिहावे लागते, कारण शाळेत अशा मुलाला त्याच्या इयत्तेपेक्षा लहान समजून वागवले जाते.

आपल्याकडे बुटकेपणाची नेहमीची कारणे वेगळी आहेत: कुपोषण, आईवडिलांकडून आलेली कमी उंची, उशिरा वयात येणे, थायरॉइडची कमतरता, सीलिअ‍ॅक रोग (गव्हातले ग्लुटेन न सोसणे). ती आधी तपासावी लागतात. ‘बापही उशिराच वाढला होता’ हे कित्येकदा खरे असते, पण उंची दर सहा महिन्यांनी भिंतीला लावून मोजली आणि भारतीय मुलांच्या आलेखावर मांडली, तरच ते खरे की खोटे कळते. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१५ मध्ये ५ ते १८ वर्षे वयासाठी असे आलेख नव्याने तयार केले.

काही कुटुंबांत दोष जनुकात असतो. हायपोथॅलॅमसचा संदेश पकडणाऱ्या ग्राहीतला असा दोष १९९६ मध्ये एका भारतीय कुटुंबात प्रथम सापडला; नंतर सिंधू खोऱ्यातल्या गावांत आणि ब्राझीलमधील इताबायानिन्या या भागातही अशी घराणी आढळली. जवळच्या नात्यात लग्ने झाली की हे उघड होते. लॅरॉन विकारात तर संप्रेरक भरपूर असते, पण पेशी त्याला दाद देत नाहीत. तिथे वृद्धी संप्रेरक टोचून उपयोग नाही, आयजीएफ-१ द्यावे लागते. इक्वेडोरमधील अशा लोकांच्या २०११ च्या अभ्यासात मधुमेह आढळला नाही आणि कर्करोग जवळजवळ नव्हता.

मोठेपणी उणीव येते ती गाठ, शस्त्रक्रिया, किरणोपचार किंवा डोक्याला मार यांतून. भारतात आणखी दोन कारणे लक्षात ठेवावीत. बाळंतपणात अतोनात रक्तस्राव झाला तर पीयूषिका रक्ताअभावी मरते. हॅरल्ड शीहानने १९३७ मध्ये याचे वर्णन केले. बाईला दूध येत नाही, पाळी परतत नाही, आणि थकवा ‘अशक्तपणा’ म्हणून वर्षानुवर्षे तसाच राहतो. दुसरे कारण घोणस. तिच्या विषाने रक्ताची गोठणक्रिया बिघडते आणि वाचलेल्या काहींच्या पीयूषिकेत रक्तस्राव होऊन ती निकामी होते. शेतात साप चावून जगलेला माणूस महिनोन्महिने उठेनासा झाला, तर हे मनात यायला हवे. अशा वेळी वृद्धी संप्रेरकाआधी कॉर्टिसोल या ताण सोसायला लागणाऱ्या संप्रेरकाची तपासणी व भरपाई करतात. जिवाला धोका कॉर्टिसोलच्या अभावाचा असतो.

प्राण्यांचे वृद्धी संप्रेरक माणसाला चालत नाही. म्हणून १९५८ मध्ये मॉरिस रेबन या अमेरिकी डॉक्टरांनी मृतदेहांच्या पीयूषिकांतून काढलेले संप्रेरक एका मुलाला देऊन त्याची उंची वाढवल्यानंतर जगभर तीच पद्धत रूढ झाली. १९८५ मध्ये भयंकर गोष्ट समोर आली: त्या इंजेक्शनांतून काही मुलांना क्रॉइट्झफेल्ट-याकोब हा मेंदू पोखरणारा, बरा न होणारा रोग झाला होता. पुढे अशा मृत्यूंची संख्या दोनशेच्या वर गेली. सर्वाधिक फ्रान्समध्ये होते, आणि काहींना रोग तीस वर्षांनी उमटला. १९८५ मध्येच जिवाणूंकडून बनवलेले संप्रेरक अमेरिकेत मंजूर झाले. आज मिळते ते याच प्रकारचे असते आणि त्यातून हा धोका नाही.

ते मुलांना रोज रात्री कातडीखाली टोचतात. काही नवी इंजेक्शने आठवड्यातून एकदाच पुरतात. लिओनेल मेस्सीला लहानपणी हेच उपचार मिळाले होते. उपचार जितके लवकर सुरू होतील तितका फायदा अधिक, कारण वाढपट्ट्या बंद झाल्यावर उंची एक बोटही वाढत नाही. वाढ वर्षाला २ सेंटिमीटरच्या खाली आली की इंजेक्शने थांबवून पुन्हा तपासणी होते. कित्येकांचे संप्रेरक तोवर पुरेसे झालेले असते. ज्यांचे होत नाही, त्यांना पुढेही थोडा डोस चालू ठेवावा लागू शकतो, हाडे आणि स्नायू टिकावेत म्हणून.