मेंदूतले निरोपे आणि तलफ

गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यात छापून घेतलेल्या औषधींवरच्या ग्रंथात अफू आणि भांग या दोन्हींवर स्वतंत्र प्रकरणे आहेत. म्हणजे नशेच्या वनस्पतींची नोंद या भूमीत साडेचारशे वर्षांपूर्वीच छापली गेली. ती नशा डोक्यात नेमकी कुठे चढते हे कळायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले. व्यसन म्हणजे निव्वळ मनाचा कमकुवतपणा, असे आजही घरोघरी बोलले जाते, म्हणून हा इतिहास माहीत असायला हवा.

१९०६ साली गोल्जी आणि काहाल या मेंदूच्या अभ्यासकांना नोबेल विभागून मिळाले, तेव्हाही दोघांचे एकमत नव्हते. मेंदू हे अखंड जाळे आहे, असे गोल्जी म्हणत. काहाल म्हणत, पेशी सुट्या आहेत. काहाल खरे ठरले. दोन चेतापेशींमध्ये मिलिमीटरच्या सुमारे पन्नास हजाराव्या भागाएवढी फट असते. निरोप ती फट ओलांडतो कसा, याचे उत्तर १९२१ साली ऑटो लोवी यांनी बेडकांच्या दोन हृदयांवर शोधले. दोन्ही हृदये क्षाराच्या द्रावणात धडधडत होती. त्यांतल्या एकाच्या व्हेगस नसेला, म्हणजे मेंदूकडून हृदयाकडे येणाऱ्या चेतातंतूला, विजेचा झटका देताच ते मंदावले. त्याच्याभोवतीचे द्रावण काढून दुसऱ्याला दिले, तर तेही मंदावले. दुसऱ्याला विजेचा स्पर्शही झाला नव्हता. निरोप पाण्यातून आला होता. पुढे ते रसायन अ‍ॅसिटिलकोलिन असल्याचे सिद्ध झाले.

पेशीच्या टोकाशी अशा रसायनाच्या सूक्ष्म पिशव्या असतात. विजेची लहर टोकाला पोचली की कॅल्शियम आत शिरते, पिशव्या कडेला येऊन उघडतात, रसायन फटीत सांडते आणि पलीकडच्या पेशीवर त्यासाठी असलेल्या जागेवर, म्हणजे रिसेप्टरवर, जाऊन बसते. काम झाले की त्यातले बरेचसे ट्रान्सपोर्टर नावाचे पंप परत आत ओढून घेतात, काही जागीच मोडले जाते. नशेचे पदार्थ या साखळीतल्याच एखाद्या कडीला हात घालतात.

पिशव्यांची कडी उलगडली ती आपल्या रानातल्या सर्पगंधेमुळे. तिच्या मुळीने रक्तदाब उतरतो, हे मुंबईच्या डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ साली जगापुढे मांडले. १९५२ साली मुळीतून रिसर्पिन वेगळे काढले गेले. स्वीडनचे आर्विद कार्लसन यांनी ते सशांना टोचले, तेव्हा ससे कान पाडून निपचित बसले. रिसर्पिन पिशव्या भरूच देत नाही, त्यामुळे साठा संपलेला. मग डोपामिन हे रसायन ज्यापासून बनते ते एल-डोपा दिले आणि काही मिनिटांतच ससे हालचाल करू लागले. १९५७ सालच्या या प्रयोगातूनच पुढे डोपामिन हा स्वतंत्र निरोप्या असल्याचे उमगले.

त्याआधी, १९५४ साली, ओल्ड्स आणि मिल्नर या संशोधकांनी उंदरांच्या मेंदूत तार बसवून पाहिले होते. ठरावीक जागी सौम्य वीज मिळते म्हटल्यावर उंदीर पुन्हापुन्हा कळ दाबत राहिले. ही ओढ मेंदूच्या ज्या मार्गातून येते त्यात डोपामिनचा मोठा वाटा आहे, हे नंतर उमगले.

१९७३ मध्ये अफूचे रिसेप्टर सापडले. मेंदूत अफूला जागा का असावी? १९७५ साली उत्तर मिळाले: मेंदू स्वतःच एन्केफॅलिन हे अफूसारखे रसायन बनवतो, अफू त्याच्याच जागेवर बसते. गांजाचेही तसेच. १९९२ साली मेंदूतला त्याचा जोडीदार सापडला, त्याला संस्कृत 'आनंद' शब्दावरून आनंदामाइड हे नाव दिले.

कोकेन डोपामिनचा पंप बुजवते, म्हणून सांडलेले डोपामिन फटीतच तुंबते. अ‍ॅम्फेटामिन पेशीत शिरून तोच पंप उलटा फिरवते, आतला साठा बाहेर येतो. हेरॉइन डोपामिनला आवर घालणाऱ्या पेशींनाच झोपवते.

डोपामिनला 'आनंदाचे रसायन' म्हणतात, ते मला अपुरे वाटते. वोल्फ्राम शुल्ट्झ या मेंदूशास्त्रज्ञांनी माकडांत पाहिले की, रसाच्या थेंबाआधी दिवा लागतो हे कळल्यावर डोपामिनची उसळी रसाला नव्हे, दिव्याला येते. आणि रस आलाच नाही तर पातळी नेहमीपेक्षा खाली जाते. दारू सोडलेल्या माणसाला वळणावरचे ते ओळखीचे तावेर्न दिसताच तलफ उठते, त्यामागे हीच यंत्रणा आहे.

गोव्यात सर्वांत जास्त समजून घ्यायला हवी ती दारूच. मार्च उजाडला की काजूची हुर्राक येते, एकदा गाळलेली आणि सौम्य. दुसऱ्यांदा गाळलेल्या काजू फेणीत अल्कोहोल सुमारे ४२ टक्के. दारू गाबा या शांत करणाऱ्या निरोप्याचा जोर वाढवते आणि ग्लुटामेट या उत्तेजकाला दाबते. रोज प्यायल्यावर मेंदू तोल साधण्यासाठी गाबाचा प्रतिसाद घटवतो, ग्लुटामेटचे रिसेप्टर वाढवतो. म्हणूनच तेवढीच झिंग यायला पेला मोठा होत जातो. अशा माणसाची दारू एकाएकी तोडली की ब्रेक निकामी आणि गती पूर्ण. सहा ते चोवीस तासांत हात कापतात, घाम सुटतो. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी भ्रम आणि ताप, आणि तो जिवावर बेतू शकतो. कितीतरी घरांत याच वेळी त्याला खोलीत कोंडतात. अनेक वर्षे रोज पिणाऱ्याने घरच्या घरी अचानक दारू तोडू नये. बांबोळीच्या मनोरुग्णालयात किंवा जवळच्या सरकारी इस्पितळात दाखवावे.

जे अजून पूर्ण अडकलेले नाहीत, त्यांच्यासाठी गोव्यातच एक वाट तपासली गेली. संगाथ संस्थेच्या प्रयोगात प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रशिक्षित, पण डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांनी जास्तीत जास्त चार बैठका घेतल्या. हानिकारक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांत त्याचा फायदा दिसला, आणि ते निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले.

इस्पितळात नेल्यावर सलाइन लावण्याआधी 'हा रोज पितो' हे सांगाच. अशा शरीरात थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, आटलेले असते. सलाइनमधून ग्लुकोज गेले तर ते जाळताना उरलेसुरले थायमिनही खर्ची पडते आणि स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. म्हणून डॉक्टर थायमिन आधी किंवा सोबत टोचतात; रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरली असेल तरच थायमिनसाठी न थांबता ग्लुकोज देतात.