मुलांची झोपण्याची खोली

तान्ह्या बाळापासून किशोरवयापर्यंतच्या मुलांसाठी झोप, खेळ आणि अभ्यास यांची सोय करणारी घरातील खोली. तिच्या रचनेतली खरी अडचण अशी की खोली तीच राहते, पण तीत राहणारे मूल बदलत जाते. आज पालथे पडणारे बाळ वर्षभरात कपाटाच्या खणांवर पाय देऊन चढू लागते. म्हणून रंग आणि चित्रे ठरवण्याआधी मोठ्यांनी एकदा जमिनीवर बसून, मुलाच्या उंचीवरून खोली पाहावी.

तान्ह्या बाळाला घट्ट, सपाट गादी पुरते. उशी, गुबगुबीत खेळणी आणि कठड्याला बांधायच्या मऊ गाद्या श्वास कोंडू शकतात. त्या दिसायला कितीही गोड असल्या तरी पाळण्यात नकोत.

चालत्या मुलाला सर्वांत मोठा धोका उंच फर्निचरचा. खण बंद असताना कपाट पक्के वाटते. दोन-तीन खण एकदम ओढले की भार पुढे सरकतो, आणि त्यातल्या एकावर मूल उभे राहिले की कपाट त्याच्या अंगावर येते. कपाट व पुस्तकांची मांडणी भिंतीला पट्टीने जखडणे हा अगदी साधा उपाय, तरीही तो बहुतेकदा उद्यावर ढकलला जातो. अमेरिकेत कपड्यांच्या अशा कपाटांच्या स्थैर्याचे नियम २०२३मध्ये सक्तीचे झाले. आवडते खेळणे कपाटावर ठेवणे म्हणजे मुलाला चढायला बोलावणेच. पलंग खिडकीखाली नसावा. डासांची जाळी मुलाचे वजन पेलत नाही. पडद्याच्या लोंबत्या दोरीचा गळ्याला फास बसू शकतो.

दुमजली पलंगाचा वरचा मजला सहा वर्षांखालील मुलाला देऊ नये. अमेरिकी नियमांनुसार कठडा गादीपेक्षा किमान ५ इंच उंच हवा आणि वरच्या भागातल्या फटी साडेतीन इंचांहून मोठ्या नकोत, कारण मोठ्या फटीतून अंग निसटते आणि डोके अडकते. पुढे जाड गादी आणली की हाच कठडा ठेंगणा पडतो.

शाळकरी मुलाच्या टेबलावर प्रकाश लिहित्या हाताच्या विरुद्ध बाजूने यावा, म्हणजे वहीवर सावली पडत नाही. खुर्चीत बसल्यावर पाय जमिनीला टेकावेत. भावंडे एकाच खोलीत असतील तर प्रत्येकाला स्वतःचा कप्पा आणि स्वतःचा वाचनदिवा द्यावा.

किशोरवयात शरीराचे घड्याळच उशिरा सरकते, त्यामुळे रात्री जागणाऱ्या मुलाला आळशी ठरवणे अन्यायाचे आहे. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते. त्यासाठी उजेड अडवणारे पडदे हवेत आणि मोबाइलचा चार्जर खोलीबाहेर हवा. या वयात एकांतही गरजेचा असतो. दाराला कडी असू द्यावी, मात्र अडचणीच्या वेळी बाहेरून उघडता येईल अशी.