‘संघ विका’ : पिट्सबर्ग पायरेट्सच्या चाहत्यांच्या संतापाची पार्श्वभूमी

४ एप्रिल २०२५ रोजी पिट्सबर्गच्या पीएनसी पार्कवर पायरेट्स या बेसबॉल संघाचा त्या हंगामातला पहिला घरचा सामना न्यूयॉर्क यांकीज संघाविरुद्ध झाला. त्या दिवशी प्रेक्षक ‘सेल द टीम’ अशा घोषणा देत होते आणि त्याच मागणीचा फलक ओढत एक विमान मैदानावर घिरट्या घालत होते. मागणी मुख्य मालक बॉब नटिंग यांच्याकडे होती आणि तिचा अर्थ सरळ होता : संघावर खर्च करायचा नसेल तर तो दुसऱ्या कोणाला तरी विका. त्याच महिन्यात संघाच्या व्यवस्थापनाने दोन गोष्टींनी लोकांचा रोष आणखी ओढवून घेतला. उजवीकडच्या भिंतीवरील, संघाचे दिवंगत महान खेळाडू रॉबर्टो क्लेमेंटे यांच्या २१ क्रमांकाची जागा मद्यमिश्रित पेयाच्या जाहिरातीने घेतली आणि क्लेमेंटे यांच्या मुलाने आक्षेप घेतल्यावरच तो क्रमांक पुन्हा झळकला. तसेच चाहत्यांनी आपली आणि आपल्या दिवंगत आप्तांची नावे कोरण्यासाठी पैसे मोजून घेतलेल्या, मैदानाबाहेर बसवलेल्या विटा नूतनीकरणानंतर भंगारात सापडल्या. या दोन्ही गोष्टींचा खेळाडूंच्या मानधनाशी काही संबंध नव्हता, तरी लोकांनी त्या एकाच खात्यावर मांडल्या. त्या तशा का मांडल्या गेल्या, हे समजण्यासाठी बरेच मागे जावे लागते.

पायरेट्स हा काही नगण्य संघ नव्हे. १९०३ साली खेळल्या गेलेल्या पहिल्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे हंगामाचा विजेता ठरवणाऱ्या अंतिम मालिकेत, तो होता आणि १९०९, १९२५, १९६०, १९७१ व १९७९ अशी पाच वेळा ती मालिका त्याने जिंकली आहे. मात्र काटकसरीचा आरोपही या शहराला नवा नाही. १९४६ ते १९५२ अशी सलग सात वर्षे नॅशनल लीगमध्ये (मेजर लीग बेसबॉल या सर्वोच्च स्पर्धेच्या दोन गटांपैकी पायरेट्सच्या गटात) सर्वाधिक होम रन मारणाऱ्यांच्या यादीत पायरेट्सचे राल्फ काइनर यांचे नाव पहिले किंवा बरोबरीने पहिले राहिले. तरीही १९५२ साली ११२ सामने हरल्यानंतर त्यांनी पगाराबाबत कुरकूर केली तेव्हा सरव्यवस्थापक ब्रँच रिकी यांनी, तू असताना आपण तळाला राहिलो, तू नसतानाही तळाला राहू शकतो, अशा आशयाचे उत्तर दिल्याचे सांगितले जाते. पुढच्याच वर्षी काइनर शिकागोला गेले. पिट्सबर्गमध्ये ही गोष्ट आजही सांगितली जाते, आणि सांगणाऱ्याच्या सुरात कौतुक नसते.

तरीही काइनर यांचा काळ आणि आजचा काळ यांत मूलभूत फरक आहे. त्या काळी खेळाडू आयुष्यभर संघाशी बांधलेला असे आणि मालकाने विकल्याशिवाय त्याला दुसरीकडे जाता येत नसे. डिसेंबर १९७५ मध्ये एका लवादाने ही बेडी तोडली आणि ठरावीक सेवाकाळानंतर खेळाडूंना खुल्या बाजारात उतरण्याचा हक्क मिळाला. आजच्या नियमांनुसार हा काळ सहा वर्षांचा आहे. तेव्हापासून चांगला खेळाडू घडवणे आणि तो टिकवणे ही दोन वेगळी कामे झाली, आणि दुसऱ्या कामाला पैसा लागू लागला. नेमक्या त्याच सुमारास पिट्सबर्गमधील पोलाद गिरण्या बंद पडत होत्या. १९५० साली पावणेसात लाखांच्या पुढे असलेली शहराची लोकसंख्या आज तीन लाखांच्या आसपास आहे. १९८५ साली संघ १०४ सामने हरला, मालक गॅलब्रेथ कुटुंब बाहेर पडले आणि महापौर रिचर्ड कॅलिगिरी यांच्या पुढाकाराने स्थानिक कंपन्या व धनिकांच्या समूहाने संघ शहरात राखला.

या समूहाच्या काळात संघ १९९०, १९९१ आणि १९९२ अशी सलग तीन वर्षे आपल्या विभागात पहिला आला. पण संघाच्या दोन प्रमुख फलंदाजांपैकी १९९१ च्या हंगामानंतर बॉबी बोनिया पाच वर्षांच्या २.९ कोटी डॉलरच्या करारावर न्यूयॉर्क मेट्सकडे गेले आणि वर्षभराने बॅरी बाँड्स सहा वर्षांच्या ४.३७५ कोटी डॉलरच्या करारावर सॅन फ्रान्सिस्कोला गेले. ऑक्टोबर १९९२ मध्ये अटलांटा येथे सातव्या सामन्याच्या शेवटच्या डावात, वर्ल्ड सिरीजपासून एका बळीच्या अंतरावर असताना, पायरेट्स हरले. त्यानंतर १९९३ ते २०१२ अशी सलग वीस वर्षे या संघाने जेवढे सामने जिंकले त्याहून अधिक गमावले. उत्तर अमेरिकेतील कोणत्याही मोठ्या व्यावसायिक खेळात सलग इतके पराभूत हंगाम दुसऱ्या संघाच्या वाट्याला आलेले नाहीत.

या वीस वर्षांच्या जवळजवळ मध्यावर असलेली एक घटना चाहत्यांच्या युक्तिवादाचा कणा आहे. १९९६ साली केव्हिन मॅक्क्लाची यांनी सुमारे साडेनऊ कोटी डॉलर मोजून संघ घेतला आणि नवे मैदान मिळाले नाही तर या शहरात संघ तगणार नाही, अशी भूमिका मांडली. नोव्हेंबर १९९७ मध्ये पिट्सबर्ग ज्या राज्यात आहे त्या पेनसिल्व्हेनियाच्या नैर्ऋत्येकडील ११ काउंटींमध्ये (जिल्ह्यांमध्ये) विक्रीकर अर्ध्या टक्क्याने वाढवण्याच्या प्रस्तावावर मतदान झाले आणि मतदारांनी तो फेटाळला. तरीही पुढच्या वर्षी अस्तित्वातील कराच्या उत्पन्नावर आणि राज्याच्या निधीवर आधारलेली पर्यायी योजना मंजूर झाली. त्यातून पीएनसी पार्क उभे राहिले. खर्चाचा मोठा भाग सार्वजनिक पैशाचा होता आणि संघाचा वाटा सुमारे चार कोटी डॉलरचा. मैदान देखणे आहे, याबद्दल दुमत नाही. नदीपलीकडच्या शहराचे दृश्य पाहायलाच लोक येतात, असे कुचेष्टेने म्हटले जाते, आणि ते फारसे खोटे नाही. २००१ साली नव्या मैदानावरील पहिल्या हंगामात पायरेट्सनी १०० सामने गमावले. मैदान झाले की उत्पन्न वाढेल आणि उत्पन्न वाढले की संघ सुधारेल, हे आश्वासन होते; लोकांनी नकार दिलेला असताना त्यांच्याच पैशाने पहिला भाग पूर्ण झाला आणि दुसरा राहून गेला. जुलै २००३ मध्ये पंचविशीतले फलंदाज आरामिस रामिरेझ यांना शिकागो कब्जकडे अत्यल्प मोबदल्यात देऊन टाकण्यात आले, त्यामागचे कारण खेळाचे नव्हते, कर्जाचे होते.

नटिंग कुटुंब शेजारच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील व्हीलिंगचे. ऑग्डेन न्यूजपेपर्स ही वृत्तपत्रांची साखळी त्यांची आहे. मॅक्क्लाची यांच्या गुंतवणूकदारांत ते होतेच. जानेवारी २००७ मध्ये बॉब नटिंग मुख्य मालक म्हणून समोर आले. त्या वर्षी जूनमध्ये नवोदितांच्या निवडीत, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या ‘ड्राफ्ट’मध्ये, पायरेट्सची पाळी चौथी होती. मॅट वीटर्स हा गाजलेला यष्टिरक्षक उपलब्ध असताना संघाने त्याची मोठी मागणी टाळून डॅनियल मॉस्कोस या फेकीपटूची निवड केली आणि वीटर्स पुढच्याच पाळीला बाल्टिमोरकडे गेला. त्याच महिनाअखेरीस, ३० जून रोजी, वॉशिंग्टनविरुद्धच्या सामन्यात तिसरा डाव संपल्यावर चाहत्यांनी जागा सोडून निषेध केला. उठणाऱ्यांची संख्या आयोजकांच्या अपेक्षेइतकी नव्हती आणि त्याची थट्टाही झाली, पण पुढच्या सगळ्या निषेधांची रीत तिथे ठरली : रोष खेळाडूंवर किंवा प्रशिक्षकावर नसून थेट मालकावर.

इथे अमेरिकी बेसबॉलचे अर्थकारण थोडे उलगडावे लागते. आपल्याकडे आयपीएलमध्ये प्रत्येक संघाला खेळाडूंवर खर्च करण्यासाठी सारखीच कमाल रक्कम असते. २०२५ च्या हंगामासाठी ती १२० कोटी रुपये होती. मेजर लीग बेसबॉलमध्ये अशी मर्यादा नाही. ठरावीक रकमेपुढे खर्च करणाऱ्या संघाला कर भरावा लागतो, पण किमान खर्चाची सक्ती कोणावरही नाही. शिवाय स्थानिक दूरचित्रवाणीचे उत्पन्न बहुतांशी ज्याचे त्याचे असते, त्यामुळे लॉस एंजेलिस डॉजर्सना एकाच करारातून पंचवीस वर्षांत आठ अब्ज डॉलरहून अधिक मिळू शकतात आणि पिट्सबर्गसारख्या शहराला त्याच्या जवळपासही जाता येत नाही. ही दरी कमी करावी म्हणून १९९६ पासून महसूल वाटपाची पद्धत आली आणि ती पुढे वाढत गेली. आज प्रत्येक संघाच्या निव्वळ स्थानिक उत्पन्नाचा ४८ टक्के भाग एकत्र करून सर्वांना समान वाटला जातो. यातून मिळालेला पैसा मैदानावरील कामगिरी सुधारण्यासाठी वापरावा, असे खेळाडू संघटनेबरोबरच्या करारात लिहिलेले आहे. तो तसा वापरला गेला की नाही, हे बाहेरच्या माणसाला कळण्याची सोय मात्र नाही, कारण संघ खासगी मालकीचे आहेत आणि त्यांचे हिशेब उघड नसतात. इंग्लंडच्या फुटबॉलप्रमाणे तळाच्या संघाला खालच्या श्रेणीत ढकलण्याची पद्धतही नाही. म्हणजे हरणाऱ्या संघाच्या मालकाला हरण्याची किंमत फार कमी मोजावी लागते.

ऑगस्ट २०१० मध्ये हे बंद हिशेब एकदा उघडे पडले. काही संघांचे आर्थिक ताळेबंद फुटले, त्यांत पायरेट्सचेही होते. २००७ आणि २००८ या दोन वर्षांत मिळून संघाला सुमारे २.९४ कोटी डॉलर नफा झाला होता, आणि वाटपातून एकट्या २००८ मध्ये सुमारे ३.९ कोटी डॉलर मिळाले होते. दोन्ही वर्षी संघ तळाशी होता. पैसा नवोदितांवर, डॉमिनिकन प्रजासत्ताकातील अकादमीवर आणि कर्जफेडीवर खर्च होत आहे, असा खुलासा व्यवस्थापनाने केला. माझ्या मते तो खुलासा पूर्णपणे खोटा नव्हता. २०११ च्या निवडीत पायरेट्सनी सुमारे १.७ कोटी डॉलर खर्च केले, जॉश बेल या दुसऱ्या फेरीतील खेळाडूला ५० लाख डॉलर दिले. इतका खर्च तोवर कोणत्याही संघाने एका वर्षाच्या निवडीवर केला नव्हता. गंमत अशी की लगेच पुढच्या करारात लीगने नवोदितांवरील खर्चालाच लगाम घातला, म्हणजे गरीब संघाला परवडणारी एकमेव वाट अरुंद झाली. (स्वस्तात गुणवत्ता शोधण्याच्या याच धडपडीत, नोव्हेंबर २००८ मध्ये, भारतातील एका दूरचित्रवाणी स्पर्धेतून निवडलेल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशातील दोन भालाफेकपटूंना पायरेट्सनी करारबद्ध केले होते, दोघेही मुख्य संघापर्यंत पोहोचले नाहीत.)

ताळेबंद फुटल्याने बसलेला अविश्वास २०१३ ने बराचसा धुऊन काढला. अँड्र्यू मॅककचन लीगचे सर्वोत्तम खेळाडू ठरले, संघाने ९४ सामने जिंकले आणि १ ऑक्टोबरला सिनसिनाटीविरुद्धचा बाद सामना काळ्या कपड्यांतल्या खचाखच भरलेल्या मैदानावर जिंकला. २०१५ मध्ये ९८ विजय मिळाले आणि प्रेक्षकसंख्या २५ लाखांच्या जवळ पोहोचली. चाहते आजही सर्वांत कडवटपणे बोलतात ते त्यानंतरच्या हिवाळ्याबद्दल. संघ शिखरावर, तिजोरी भरलेली, आणि अशा वेळी खर्च वाढवण्याऐवजी पिट्सबर्गच्याच मातीतला नील वॉकर न्यूयॉर्कला दिला गेला. पुढच्या वर्षी ७८ विजय. जानेवारी २०१८ मध्ये फेकीपटू गेरिट कोल यांना ह्यूस्टनला आणि दोनच दिवसांनी मॅककचन यांना सॅन फ्रान्सिस्कोला पाठवल्यावर नटिंग यांनी संघ विकावा, या मागणीच्या अर्जावर ६० हजारांहून अधिक लोकांनी नावे नोंदवली. फेब्रुवारीत खेळाडू संघटनेने महसूल वाटपाच्या पैशाबाबत चार संघांविरुद्ध तक्रार दाखल केली, त्यात पायरेट्स होते. त्या हंगामात प्रेक्षकसंख्या १५ लाखांच्याही खाली गेली.

नटिंग यांच्या बाजूने एक मुद्दा खरा आहे : केवळ मालक बदलल्याने पिट्सबर्गचे लॉस एंजेलिस होणार नाही. परंतु याच शहरातील स्टीलर्स आणि पेंग्विन्स हे संघ पायरेट्सच्या त्या वीस वर्षांत अमेरिकी फुटबॉल व आइस हॉकीची सर्वोच्च विजेतेपदे मिळवत होते, आणि त्या दोन्ही खेळांत खर्चाला कमाल मर्यादा आहे. त्यामुळे शहर लहान आहे हे कारण चाहत्यांना अपुरे वाटते आणि बेसबॉलची रचना विषम आहे हे कारण पटते. मात्र त्या विषम रचनेतही मिल्वॉकी, टॅम्पा बे आणि क्लीव्हलँड वारंवार बाद फेरीत पोहोचले आहेत, हे त्यांना दिसते. पायरेट्सच्या तोवरच्या इतिहासातील सर्वांत मोठा करार ब्रायन रेनॉल्ड्स यांच्याशी एप्रिल २०२३ मध्ये झालेला, आठ वर्षांचा १०.६७५ कोटी डॉलरचा होता. त्याच वर्षाअखेरीस डॉजर्सनी शोहेई ओहतानी या एका खेळाडूशी ७० कोटींचा करार केला. दरम्यान, १९९६ मध्ये साडेनऊ कोटींना घेतलेल्या संघाची किंमत आता एक अब्ज डॉलरच्या पुढे गेल्याचे मानले जाते. मालकाचा खरा लाभ दरवर्षीच्या नफ्यात नसून या वाढत्या किमतीत आहे, आणि ती वाढायला विजय लागत नाहीत.

२०२१ मध्ये १०१ आणि २०२२ मध्ये १०० पराभव सोसल्यावर सोडतीच्या बळावर मिळालेल्या पहिल्या क्रमांकाच्या निवडीतून २०२३ मध्ये पॉल स्कीन्स हा फेकीपटू संघात आला. २०२४ मध्ये तो वर्षातील सर्वोत्तम नवोदित ठरला आणि २०२५ मध्ये लीगच्या सर्वोत्तम फेकीपटूचा साय यंग पुरस्कार त्याला एकमताने मिळाला. त्या वर्षी त्याच्या नावावर १० विजय आणि १० पराभव होते, आणि संघाने ९१ सामने गमावले. प्रशिक्षक डेरेक शेल्टन यांना मे महिन्यातच काढण्यात आले. घोषणा मात्र थांबल्या नाहीत, कारण त्या शेल्टन यांच्यासाठी नव्हत्या. लीग आणि खेळाडू संघटना यांच्यातील सध्याच्या कराराची मुदत १ डिसेंबर २०२६ रोजी संपते आणि खर्चाच्या कमाल मर्यादेबरोबर किमान मर्यादाही येणार का, हा त्या वाटाघाटींतला मोठा वाद आहे. स्कीन्स २०२९ च्या हंगामानंतर खुल्या बाजारात जाऊ शकतो.