क्लास डायग्राम की ईआर डायग्राम? चौकटी त्याच, प्रश्न वेगळे

व्हाइटबोर्डवर चौकटी आणि रेषा: विद्यार्थी, कोर्स, पेमेंट. हा क्लास डायग्राम की ईआर डायग्राम? टीममधल्या दोघांनी मनात दोन वेगळी उत्तरं धरून काम सुरू केलं, तर कोड आणि डेटाबेसचं जमता जमत नाही.

ईआर (एंटिटी-रिलेशनशिप, म्हणजे वस्तू आणि त्यांची नाती) डायग्राम विचारतो, कोणती माहिती साठवायची आणि ती कशी जोडायची. पीटर चेन यांनी १९७६ मध्ये तो मांडला. त्यांचा नात्यासाठीचा समभुज चौकोन आता मुख्यतः पाठ्यपुस्तकांत दिसतो. कामात टेबलं काढतात आणि रेषांना कावळ्याच्या पायासारखी टोकं देतात. क्लास डायग्राम हा १९९७ मध्ये मान्यता मिळालेल्या यूएमएलचा, म्हणजे सॉफ्टवेअरची रचना चित्रांत मांडायच्या प्रमाणित पद्धतीचा भाग. कोणता क्लास (कोडमधला एका प्रकारच्या वस्तूंचा साचा) काय करतो आणि कुणाला ओळखतो, हे तो सांगतो.

खरा फरक मेनी-टू-मेनी नात्यात कळतो: एका विद्यार्थ्याचे अनेक कोर्स, एका कोर्सला अनेक विद्यार्थी. क्लास डायग्राममध्ये विद्यार्थी आणि कोर्स यांच्यात एक रेष, दोन्ही टोकांना तारा (*, म्हणजे ‘कितीही’), की झालं; विद्यार्थ्याकडे कोर्सची यादी असते. टेबलांत मात्र मध्ये ‘नोंदणी’ हे तिसरं टेबल लागतं, दोन फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवणारे कॉलम) घेऊन. आणि ते काढलं की लक्षात येतं, प्रवेशाची तारीख आणि श्रेणी यांची जागा इथेच होती! म्हणून मी पुष्कळदा क्लास डायग्रामकडे परत जाऊन तिथेही नोंदणीचा वेगळा क्लास करतो.

इनहेरिटन्सचं, म्हणजे एका क्लासचे पोटप्रकार करण्याचं, उलट. कार्ड पेमेंट आणि बँक ट्रान्सफर हे पेमेंटचे प्रकार, हे क्लास डायग्राममध्ये पोकळ त्रिकोणाच्या बाणानं दाखवता येतं. टेबलांत ठरवावं लागतं: एकच टेबल आणि प्रकाराचा कॉलम, की प्रत्येकाचं वेगळं टेबल?

टेबलांचा डायग्राम हातानं सांभाळत बसू नका. डीबीव्हर किंवा मायएसक्यूएल वर्कबेंच ही डेटाबेस हाताळायची साधनं तो चालू डेटाबेसवरून काढून देतात. कोडवरून आपोआप काढलेला अख्खा क्लास डायग्राम मात्र मोठ्या प्रोजेक्टमध्ये वाचता येत नाही. ज्या प्रश्नावर अडलोय त्यापुरते पाच-सहा क्लास काढावेत, गेटर-सेटर (किंमत वाचायची-बदलायची साधी फंक्शन्स) गाळावेत, बोलणं झालं की खुशाल पुसावेत.

जपून ठेवायचाच असेल, तर मर्मेडमध्ये (मजकूर लिहून डायग्राम बनवायचं साधन) लिहून रेपोमध्ये, म्हणजे कोडच्या साठ्यात, कोडशेजारी ठेवा. तिथे डायग्रामचा प्रकार सुरुवातीलाच लिहावा लागतो, त्यामुळे क्लास की ईआर हे पहिली चौकट काढण्याआधीच ठरतं.