स्पायना बिफिडा: पाठीवरच्या गाठीपलीकडचे आजार

गर्भ राहिल्यानंतर साधारण २८ दिवसांत मज्जानलिका, म्हणजे जिच्यापासून मेंदू आणि मज्जारज्जू बनतात ती नळी, मिटते. ती मिटली नाही, तर बाळ पाठीवर उघडा मज्जारज्जू किंवा त्याची गाठ घेऊन जन्माला येतं. हाच स्पायना बिफिडा. शस्त्रक्रियेने पाठ बंद होते, पण इजा झालेल्या नसा पूर्ववत होत नाहीत. खरी कसोटी तिथून पुढे सुरू होते.

पाय लुळे पडलेले सगळ्यांना दिसतात, मूत्रपिंडं मात्र दिसत नाहीत. मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही, आतला दाब वाढतो, लघवी उलटी वर चढते आणि मूत्रपिंड निकामी होऊ लागतं, तेही न दुखता. ‘सारखी गळतेय म्हणजे होतेय साफ’ हा समज घातक आहे. बऱ्याचदा ते भरून वाहणं असतं. रक्तातलं क्रिएटिनीन, म्हणजे स्नायूंत तयार होणारा आणि मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा घटक, तेही फसवतं, कारण स्नायूच कमी असले की मूत्रपिंड बिघडूनही आकडा नॉर्मल दिसू शकतो. म्हणून सोनोग्राफी आणि मूत्राशयातल्या दाबाची तपासणी ठरल्या वेळी करायचीच. दिवसा सहसा दर ३-४ तासांनी कॅथेटर (बारीक नळी) घालून लघवी काढावी लागते. हात स्वच्छ धुतले की घरच्या घरी जमतं. १९७२ मध्ये अमेरिकेत जॅक लॅपिडेस यांनी ही पद्धत मांडली. मूत्राशय तट्ट फुगू न देणं हे निर्जंतुक हातमोज्यांपेक्षा महत्त्वाचं, हा तिचा गाभा.

कॅथेटर आणि हातमोजे मात्र लॅटेक्सचे, म्हणजे नैसर्गिक रबराचे, नकोत. या मुलांमध्ये लॅटेक्सची ॲलर्जी बरीच आढळते आणि ती जिवावर बेतू शकते. फुगेसुद्धा टाळावेत.

डोक्यात पाणी साचलं, तर ते पोटात सोडणारी शंट नावाची बारीक नळी बसवतात. ती कितीही वर्षांनी तुंबू शकते. तान्ह्या बाळाची टाळू फुगते, मोठ्या मुलाला डोकेदुखी, उलट्या, गुंगी येते. कधी फक्त अभ्यासातली घसरण दिसते. गुंगी आली तर सकाळची वाट पाहू नये. बद्धकोष्ठतेकडेही लक्ष हवं. गच्च भरलेलं आतडं मूत्राशय दाबतंच, शिवाय पोटातला दाब वाढून शंटचं कामही अडू शकतं.

उंची झपाट्याने वाढत असताना चाल बिघडली, पाठ दुखू लागली किंवा थांबलेली लघवीची गळती परत सुरू झाली, तर खाली चिकटलेला मज्जारज्जू ताणला जात असण्याची शक्यता असते. तेव्हा न्यूरोसर्जनना दाखवावं.

पायांना संवेदना नसेल तर रोज रात्री तळवे आणि टाचा आरशात पाहाव्यात. बूट काढल्यावर उमटलेला लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही, तर तो बूट पुन्हा घालू नये.