आरसा हलेना, तरी फोकस हवा : ट्रान्सल्युसंट मिररची पार्श्वभूमी

एसएलआर कॅमेऱ्यात लेन्समधून आलेला उजेड व्ह्यूफाइंडरकडे, म्हणजे डोळ्याकडे, वळवणारा आरसा असतो आणि फोटो काढताना तो वर उठतो. ट्रान्सल्युसंट, म्हणजे अर्धपारदर्शक, आरसा मात्र जागचा हलत नाही. पण असा न हलणारा आरसा ही डिजिटल काळातली करामत नाही. १९६५ च्या कॅननच्या पेलिक्स कॅमेऱ्यामध्ये आरशाच्या जागी जेमतेम ०.०२ मिमी जाडीची प्लास्टिकची फिल्म ताणून बसवलेली होती. दोन तृतीयांश प्रकाश त्यातून आरपार जाई, उरलेला वर डोळ्याकडे. आरसा उठत नसल्याने आयपीसमधून, म्हणजे डोळा लावायच्या काचेतून, उलटा शिरलेला उजेड कॅमेऱ्यातला फोटोचा रोल खराब करेल, ही भीती खरी होती. म्हणून आयपीस बंद करायला वेगळा पडदा दिला होता. पुढे ही युक्ती कॅननच्या वेगाच्या खास बॉड्यांमध्ये (लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यांमध्ये) वापरली गेली: १९७२ मध्ये सेकंदाला ९ फ्रेम, १९८४ मध्ये १४. ऑटोफोकसच्या जमान्यात १९८९ चा ईओएस आरटी आणि १९९५ चा ईओएस-१एन आरएस आले. ऑलिंपसचा २००० चा ई-१० डिजिटल होता, पण त्यात प्रकाश विभागायला प्रिझम होता आणि लेन्स बदलता येत नव्हती.

खरी गोष्ट २००६ नंतरची. १९८५ पासून चालत आलेला मिनोल्टाचा लेन्स-माउंट (बॉडीवर लेन्स बसवायची जोडणी) त्या वर्षी नव्या मालकाकडे, सोनीकडे, गेला. या मालकाला व्हिडिओचा अनुभव दांडगा, पण डीएसएलआरच्या (डिजिटल एसएलआरच्या) बाजारात दोन बलाढ्य स्पर्धक आधीच ठाण मांडून बसलेले. २००८ च्या अल्फा ३५० मध्ये त्यांनी व्ह्यूफाइंडरच्या आत दुसरा छोटा सेन्सर बसवून लाइव्ह व्ह्यूतही, म्हणजे मागच्या पडद्यावर दृश्य पाहतानाही, जलद फोकस दिला. चित्र त्या छोट्या सेन्सरचे असल्याने व्हिडिओ चालू असताना फोकस करण्याचा प्रश्न मात्र तसाच राहिला. ऑगस्ट २०१० मध्ये न हलणाऱ्या अर्धपारदर्शक आरशाचे अल्फा ३३ आणि अल्फा ५५ आले, आणि लेन्समधला उजेड थेट डोळ्याला दाखवणारा ऑप्टिकल व्ह्यूफाइंडर गेला; त्याच्या जागी ईव्हीएफ, म्हणजे छोट्या पडद्याचा इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर, आला.

वाद पेटला तो इथे. आरसा अर्धपारदर्शक आहे, मग वर जाणारा उजेड डोळ्याला का नाही, असा सवाल जुन्या वापरकर्त्यांनी केला. सवाल रास्त वाटतो, पण आरशामागची रचना पाहिली की उत्तर मिळते. नेहमीच्या एसएलआरमध्ये फोकस मोड्यूल तळाशी असते आणि त्याच्याकडे उजेड वळवणारा दुय्यम आरसा मुख्य आरशाच्या मागे. तो नेमका सेन्सरच्या वाटेत येतो, म्हणून एक्स्पोजरच्या वेळी त्याला बाजूला व्हावेच लागते. फोटोत हे क्षणाचे काम, व्हिडिओत तो सबंध वेळ बाजूलाच, म्हणजे फेज-डिटेक्शन, ही त्या मोड्यूलची जलद फोकसची पद्धत, बंद. चालू व्हिडिओत फोकस हवा तर मोड्यूल वर, जिथून डोळ्याला उजेड मिळतो त्याच जागी न्यावे लागते. तिथे दोघे मावत नाहीत. शिवाय आरशावरून वर जाणारा ३० टक्के उजेड पुन्हा वाटून डोळ्याला द्यायचा तर व्ह्यूफाइंडर अंधाराच झाला असता. माझ्या मते तेव्हा निर्णय बरोबरच होता. त्याची जाहिरात मात्र वेगाची झाली.

आणि वेगालाही अटी होत्या. अल्फा ५५ सेकंदाला १० फ्रेम काढे, पण बर्स्ट, म्हणजे सलग फोटोंचा मारा, चालू असताना ईव्हीएफमध्ये चालू दृश्याऐवजी नुकतीच काढलेली फ्रेम दिसे. धावणाऱ्या विषयामागे कॅमेरा फिरवणाऱ्याला हे फार जाचायचे. व्हिडिओत सतत ऑटोफोकस हवा तर अॅपर्चर (लेन्समधून उजेड आत येण्याचे छिद्र) एफ/३.५ किंवा लेन्सचे कमाल छिद्र एवढ्यावरच अडकून पडे. रात्रीच्या चित्रात प्रखर दिव्याशेजारी त्याचीच फिकट दुसरी प्रतिमा उमटे, ती आरशातल्या परावर्तनाची.

टीकाकारांचा सगळा भर मात्र गमावलेल्या उजेडावर. ३० टक्के म्हणजे साधारण अर्धा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). तेवढे सिग्नल वाढवून भरून काढायचे, म्हणजे नॉइज (चित्रातले दाणे) वाढणार. २०११ मध्ये कंपनीने २४ मेगापिक्सेलचा अल्फा ७७ आणि आरशाविना एनईएक्स-७ एकाच दिवशी जाहीर करून तुलनेला आयते कोलीत दिले. काहींनी तर आरशाची फिल्म काढून पाहिली. उजेड वाढला, ऑटोफोकस गेला. अर्ध्या स्टॉपचा एवढा बाऊ करण्याचे कारण मला कधी पटले नाही. अल्फा ७७ चा २३.६ लाख डॉटचा ओएलईडी व्ह्यूफाइंडर पाहिल्यावर निदान ईव्हीएफबद्दलची कुरकुर तरी कमी व्हायला हवी होती.

आरशाचे काम संपवले ते सेन्सरने. फेज-डिटेक्शनचे पिक्सेल सेन्सरवरच असलेला एक छोटा कॉम्पॅक्ट कॅमेरा २०१० च्याच जुलैमध्ये, दुसऱ्या कंपनीकडून आला होता. २०१२ च्या फुल-फ्रेम अल्फा ९९ मध्ये आरशाच्या जोडीला सेन्सरवर १०२ पॉइंट आले. २०१५ च्या ए७आर मार्क टू मध्ये ३९९ पॉइंट होते, आणि त्यावर जुन्या माउंटच्या मोटर असलेल्या लेन्सही आरशाविना चपळ फोकस करू लागल्या. त्यानंतर आलेला २०१६ चा अल्फा ९९ मार्क टू ४२ मेगापिक्सेल आणि १२ फ्रेमचा, उत्तम कॅमेरा. पण तोवर निष्ठावंतच उरले होते. २०२१ मध्ये या बॉड्या विक्रीच्या यादीतून निघाल्या.

मागे राहिला अॅडाप्टरचा, म्हणजे जुन्या माउंटच्या लेन्स सोनीच्या आरशाविना ई-माउंट बॉड्यांवर बसवणाऱ्या जोडाचा, गुंता. २०२० च्या एलए-ईए५ मध्ये आरसा नाही. स्क्रू-ड्राइव्ह लेन्स (स्वतःची मोटर नसलेल्या जुन्या लेन्स) फिरवायला मोटर आहे, पण ती मोजक्या नव्या बॉड्यांवरच चालते. जुनी ई-माउंट बॉडी असेल आणि अशा लेन्सवर ऑटोफोकस हवा असेल, तर २०१३ चा आरशावाला एलए-ईए४ सारखा अॅडाप्टर शोधावा लागतो.